दिया-लियाची फेरी

सुनंदाताई गेल्याचा निरोप हॉस्पिटलच्या ग्रुपवर आला तेव्हा मी नव्या नर्सेसच्या प्रशिक्षणात बोलत होतो. विषय होता 'बदल आणि टीम'. फोन टेबलावर होता. स्क्रीन उजळली आणि जॉली सिस्टरची एक ओळ दिसली, "सुनंदा दीदी नहीं रहीं." मी ती वाचली, फोन पालथा ठेवला आणि पुढची स्लाइड लावली. ती स्लाइड ताईंच्याच कामाची होती. त्यांचं नाव न घेता ती मी गेली काही वर्षं समजावून सांगत आलो होतो, त्या दिवशीही सांगितली... आवाजसुद्धा हलला नाही. घरी आल्यावर बायकोला म्हणालो, "ताई गेल्या." ती दाराशीच थांबली आणि म्हणाली, "अहो, शेवटी भेटला होतात ना त्यांना?" मी हातपाय धुवायला निघून गेलो.

याला आता दीड महिना झाला. आमच्या मराठी मंडळातल्या लोकांनी सुचवलं की पुरवणीसाठी तुम्हीच लिहा, तुम्ही त्यांना जवळून ओळखत होतात. ओळखत होतो हे खरं. म्हणून तर इतके दिवस कागदाला हात लावला नाही.

सुनंदाताई मूळच्या अमरावतीच्या. नवरा इथल्या कारखान्यात लागला म्हणून लग्नानंतर भोपाळला आल्या, सोनागिरीत दोन खोल्यांत संसार मांडला आणि पुढे तिथेच लहानसं घर बांधलं. आमच्या हॉस्पिटलात त्या मेडिसिन वॉर्डाच्या इनचार्ज होत्या. बुटक्या, चपळ, अंबाड्यात कायम एक बॉलपेन खोचलेलं. डॉक्टरांशी हिंदी बोलताना शब्द तोलून बोलायच्या आणि माझ्याशी मराठीत आल्या की थेट अमरावतीच्या व्हायच्या. सगळ्यांसमोर मी 'सर' आणि कॉरिडॉरमध्ये 'भाऊ'. माझे आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आलेले, माझा जन्म शिवाजी नगरच्या क्वार्टरमधला. माझं मराठी अर्धं हिंदीने खाल्लेलं. ताई ते दुरुस्त करत नसत, फक्त हसत. परक्या गावात आपली भाषा बोलणारं माणूस भेटलं की आपण त्याच्यावर फार लवकर हक्क सांगायला लागतो. मी तो सांगितला, आणि भरपूर वापरला.

मी यंत्रांचा माणूस. कारखान्यातली नोकरी सोडून हॉस्पिटलात क्वालिटी मॅनेजर म्हणून आलो तेव्हा माझ्या गळ्यात स्टॉपवॉच असायचं. नर्सेसनी आठवडाभरात माझं नाव 'घड़ी वाले सर' ठेवलं, आणि मला त्याचा अभिमानच वाटला. पहिलं काम मी हाती घेतलं ते ओव्हरचं. पाळी बदलताना जाणाऱ्या नर्सने येणाऱ्या नर्सला वॉर्ड सोपवायचा, त्याला ही मंडळी 'ओव्हर देणं' म्हणतात. आमच्याकडे त्याचं एक जाडजूड रजिस्टर होतं. त्यात एकेका पेशंटची अख्खी कहाणी लिहायची, मग ती मोठ्याने वाचायची, ऐकणारीने मान डोलवायची. पाऊण तास सहज जायचा आणि तेवढा वेळ घंटी वाजवणाऱ्या पेशंटकडे कोणी फिरकायचं नाही. मी त्या जागी एक पानी कार्ड तयार केलं. दर पेशंटला एक कार्ड, ठरलेले रकाने, दिलेल्या औषधापुढे खूण. बस.

रजिस्टर संपलं की ताईंच्या वॉर्डात आणखी एक प्रकार व्हायचा, जो दुसऱ्या कुठल्याच वॉर्डात नव्हता. जाणारी आणि येणारी दोघी प्रत्येक खाटेपाशी जायच्या. पहिली सलाइनच्या बाटलीला, औषधाच्या ट्रेला हात लावून म्हणायची, "दिया." दुसरीने त्याच वस्तूला हात लावून म्हणायचं, "लिया." लिया म्हटल्याशिवाय पहिलीने घरी जायचं नाही. हे ताईंनीच कधीतरी सुरू केलं होतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं, लहान मुलींचा खेळ चालल्यासारखं वाटलं. मी माझ्या वहीत लिहिलं, 'पुनरावृत्ती. काढता येईल.'

कार्डाला नर्सेसचा कडाडून विरोध झाला. रजिस्टर लिहिण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली, आणि हा कोण कुठला कारखान्यातला माणूस येऊन आम्हाला शिकवतो, असा सूर. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्यांदा शिकवतात, की बदल करायचा तर ज्याचं सगळे ऐकतात तो माणूस आधी आपल्या बाजूला वळवावा. त्या माणसाच्या शोधात मला लांब जावं लागलं नाही. एका रविवारी सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन मी सोनागिरीला गेलो. आवळा देऊन कोहळा काढायला, दुसरं काय.

ताईंनी पोहे केले. कार्ड चष्मा लावून नीट वाचलं, मागून-पुढून पाहिलं. म्हणाल्या, "चांगलं आहे भाऊ. खरंच चांगलं आहे. माझ्या पोरी रजिस्टर लिहूनच थकून जातात." मी हुरळलो. म्हटलं, मग मीटिंगमध्ये तुम्ही उभ्या राहा, तुम्ही हो म्हणालात की बाकीच्या म्हणतील. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "म्हणते की. पण एक ऐका. फेरी नका काढू. तीन महिने फेरी पण चालू द्या अन् कार्ड पण चालू द्या. पोरींचा हात बसू द्या कार्डावर, मग पाहू."

"शब्द देतो ताई," मी म्हणालो.

मीटिंगमध्ये त्या उभ्या राहिल्या. मोजून चार वाक्यं हिंदीत बोलल्या, की कार्ड मी स्वतः पाहिलं आहे, माझ्या वॉर्डात उद्यापासून चालू करते, ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन पाहावं. सहा महिने मी जे घडवू शकलो नव्हतो ते त्या चार वाक्यांनी झालं. जॉली सिस्टर, केरळची, सगळ्यात जास्त भांडणारी, तीसुद्धा म्हणाली, "दीदी बोल रही हैं तो ठीक है." त्या दिवशी मी माझ्या वरिष्ठांना जो ईमेल पाठवला त्यात 'कर्मचाऱ्यांचं मन वळवण्यात यश' अशा अर्थाचं एक वाक्य होतं. मन कोणी वळवलं ते त्यात नव्हतं.

महिनाभराने आमच्या ट्रस्टचे लोक वेळ मोजायला येणार होते. कार्डामुळे ओव्हर खूप लवकर संपत होतं, पण ताईंच्या वॉर्डात फेरीची भर पडून आकडा पुन्हा वर जायचा. आणि नमुन्यासाठी त्यांनी नेमका तोच वॉर्ड निवडलेला. मी ताईंना लिफ्टपाशी गाठलं. मराठीत बोललो. आमच्याकडे मीटिंग हिंदीत होते, कागद इंग्रजीत असतात, आणि जे कुठेच नोंदायचं नाही ते मी ताईंशी मराठीत बोलायचो. म्हणालो, "ताई, फेरी थांबवा आता. ते लोक घड्याळ लावून बसणार."

"तीन महिने म्हणाले होते ना भाऊ तुम्ही?"

"हो, पण सांभाळून घ्या ना. आपल्या माणसाचा प्रश्न आहे."

त्या लिफ्टकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही घड्याळ पाहून राहिले भाऊ, खाट नाही पाहून राहिले." एवढं बोलून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून फेरी बंद झाली. पाहणी झकास झाली. पाहणीनंतर फेरी पुन्हा सुरू करा असं मी सांगायला हवं होतं, आणि ते मी सांगितलं नाही. आकडा चांगला दिसत होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी, दुपारच्या पाळीबदलाला ती गोष्ट घडली. सीहोरकडचे एक निवृत्त मास्तर वॉर्डात होते, मधुमेहाचे. सकाळच्या नर्सने जेवणाआधी त्यांना इन्सुलिन दिलं, आणि कार्डावर खूण करणार तेवढ्यात तिला कोणीतरी फोनवर बोलावलं. खूण राहिली. दुपारची नर्स आली, रकाना रिकामा पाहिला आणि तिने पुन्हा इंजेक्शन दिलं. तिची काय चूक? कार्ड जे सांगत होतं ते तिने केलं. तासाभराने मास्तरांचा मुलगा भेटायला आला तेव्हा वडील घामाने भिजलेले, हाक मारली तर ओ नाही. धावपळ झाली, ग्लुकोज चढलं, दोन दिवस आयसीयूमध्ये काढून मास्तर शुद्धीवर आले आणि घरी गेले. देवाची कृपा असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो.

चौकशी समिती बसली. अधीक्षक डॉक्टर मधोमध, दोन वरिष्ठ डॉक्टर, आणि इतिवृत्त लिहायला मी. मीच! ताईंना बोलावलं. अधीक्षकांनी कार्ड पुढे केलं, फेरीबद्दल विचारलं, आणि मग तो प्रश्न आला, "यह राउंड किसके कहने पर बंद हुआ था, सिस्टर?"

ताईंनी उत्तर लगेच दिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. माझी मान कागदावर होती, पण त्या पाहत आहेत हे मला कळत होतं. किती वेळ गेला असेल... चार-पाच श्वास. तेवढ्यात मला सहज बोलता आलं असतं. 'सर, मी सांगितलं होतं.' तीन-चार शब्द. मी मूग गिळून बसलो. ताई म्हणाल्या, "वॉर्ड मेरा है सर. जिम्मेदारी मेरी है." अधीक्षकांनी मला खूण केली आणि मी ते वाक्य माझ्या हाताने लिहून घेतलं.

ताईंची बदली चादरींच्या स्टोअरमध्ये झाली. तळघरात, धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या आणि वॉर्डांना द्यायच्या. निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच होत्या. इकडे मी सुधारणेचा आराखडा सादर केला, आणि त्यात पहिलंच कलम होतं, प्रत्येक पाळीबदलाला खाटेपाशी फेरी, सगळ्या वॉर्डांत. तिला मी एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं. कॉरिडॉरमध्ये पोस्टर लागलं. पुढे दुसऱ्या शहरांतली हॉस्पिटलं पाहायला यायला लागली, मी स्लाइड दाखवायला लागलो. खाली तळघरात बाई चादरी मोजत बसली होती आणि वर मी तिची फेरी माझ्या नावावर मिरवत होतो. हे असं उघड लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा रोज करताना वाटत नव्हती, किंवा मी वाटू दिली नाही.

मनाची समजूत मी एका गोष्टीवर घालून घेतली होती. ताईंनी मला वाचवलं, आपला माणूस म्हणून. त्यांची नोकरी संपत आली होती, माझी मुलं शिकत होती, त्यांनी विचार केला असेल. मोठ्या मनाची बाई. ही समजूत फार सोयीची होती, कारण तिच्यात मी त्यांचा लाडका ठरत होतो. पण मग त्यांच्यासमोर जाणं कठीण होऊन बसलं. त्या दर थंडीत सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, करून पाठवायच्या, अगदी निवृत्तीनंतरही, मुलाच्या हाती डबा यायचा. मी बायकोला रिकामा डबा परत करायला पाठवायचो, स्वतः गेलो नाही. मंडळाच्या गणपतीत त्या प्रसाद वाटायला उभ्या असल्या की मी दुसऱ्या रांगेत जायचो. एकदा त्यांनीच रांग बदलून माझ्या हातावर प्रसाद ठेवला आणि विचारलं, "कार्ड चालू आहे ना भाऊ अजून?" मला ते बोचलं. मी हो हो करत सटकलो.

दोन महिन्यांपूर्वी त्या आजारी होऊन आल्या त्या आमच्याच हॉस्पिटलात, त्यांच्याच जुन्या वॉर्डात. हृदय थकलं होतं, पाय सुजलेले, श्वास पुरत नव्हता. जॉली आता तिथे इनचार्ज आहे. तिने मला कळवलं. मी तिसऱ्या दिवशी गेलो, आणि उभ्या उभ्याच विचारपूस केली. ताईंनी उशीला टेकून नीट बसायचा प्रयत्न केला. म्हणाल्या, "बसा ना जी. तुमच्याशी बोलायचं होतं एक."

मी दाराकडे पाहिलं. म्हटलं, आलं. इतक्या वर्षांनी शेवटी विचारणार. "दहा मिनिटांत येतो ताई," मी म्हणालो, "वर ऑडिटची माणसं बसली आहेत." वर कोणीही बसलेलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. मी माझ्या खोलीत जाऊन दार लावलं आणि एक जुना अहवाल उघडून त्याकडे बघत राहिलो. त्यानंतरचे सगळे दिवस मी त्या मजल्यावरून जाणं टाळलं, मागच्या जिन्याने ये-जा केली. या वयात, गुडघे दुखत असताना. दहा मिनिटं काही संपली नाहीत, आणि मग जॉलीची ती ओळ आली.

हॉस्पिटलात श्रद्धांजली सभा झाली. मी बोललो. सेवा, समर्पण, निष्ठा... या शब्दांना काही अर्थ उरलेला नसतो म्हणूनच ते अशा वेळी उपयोगी पडतात. ताईंचा मुलगा प्रशांत शेवटी भेटला, हात धरून म्हणाला, "काका, आई तुमच्या कामाचं फार कौतुक करायची." मला त्याच्याकडे बघवलं नाही.

मागच्या आठवड्यात सिस्टर इनचार्जची महिन्याची मीटिंग होती. कार्डाचा नवा मसुदा छापायला जायचा होता, त्यावर चर्चा. आठ-दहा जणी, चहा आलेला. मी मसुदा वाटला आणि बसायच्या ऐवजी उभाच राहिलो. ठरवून आलो होतो असं म्हणणार नाही, कारण ठरवून मी याआधी पुष्कळदा आलो होतो. म्हणालो, "एक बात कहनी है. सुनंदा सिस्टर के वॉर्ड में वो दिया-लिया की फेरी मैंने बंद करवाई थी. उन्होंने मना किया था. कमेटी में मैं चुप रहा." मला वाटत होतं, आता कुजबुज होईल, कोणी उठून जाईल, कोणी शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

जॉलीने कप खाली ठेवला. "मालूम है, सर."

मी उभाच होतो.

"सबको मालूम है. उसी दिन से. आप बैठिए ना." मग तिने सांगितलं ते असं. चौकशीच्या सकाळी वॉर्डातल्या सगळ्या नर्सेस ताईंपाशी जमल्या आणि म्हणाल्या, आम्ही आत येऊन सांगतो, फेरी सरांनी बंद करवली, आणि कार्ड आम्ही आजपासून बंद करतो, रजिस्टर परत काढतो. ताईंनी त्यांना अडवलं. "दीदी बोलीं, सर का नाम आएगा तो कार्ड भी जाएगा. कार्ड अच्छा है. बस फेरी वापस चाहिए. फेरी बंद करने के लिए मैं हटूँगी तो फेरी वापस आ जाएगी."

म्हणजे मी इतकी वर्षं जे उराशी धरून होतो तेही खोटं निघालं. त्यांनी मला वाचवलंच नव्हतं. त्यांनी कार्ड वाचवलं, कार्डाबरोबर मी फुकटात वाचलो. बदल कसा टिकवायचा हे शिकवायला मी गावोगाव हिंडत होतो, आणि ज्या एका बाईने तो स्वतःची खुर्ची देऊन टिकवला तिला मी टाळत होतो.

"और सर," जॉली म्हणाली, "भर्ती थीं तब उन्होंने आपको रुकने को बोला था. आप आए नहीं. रोज़ पूछती थीं, सर का ऑडिट हो गया क्या."

"क्या कहना था उनको?" मी विचारलं. मला अजूनही वाटत होतं की जाब विचारायचा असेल. तसं निघालं असतं तर बरं झालं असतं.

"फेरी में एक चीज़ जोड़नी थी. बोलीं, इतने साल मैं खाट के इस तरफ खड़ी रही, अब लेटी हूँ तो समझ में आया. दो सिस्टर ऊपर-ऊपर से दिया-लिया बोलती हैं, और पेशंट बीच में पड़ा है, उससे कोई पूछता नहीं. उस मास्टरजी से पूछ लेते तो वो खुद बोल देते कि सुई लग चुकी है. सर को बोलना, वही जोड़ सकते हैं."

मी मसुदा पुढे ओढला आणि तळाला लिहिलं, 'पेशंट से पूछा.' त्यापुढे खुणेसाठी एक चौकट काढली. कार्डाच्या कोपऱ्यात 'सुधारणा सुचवणारे' असा एक लहान रकाना असतो, तिथे पहिल्या छपाईपासून माझं नाव येतं. ते खोडून मी सुनंदाताईंचं लिहिलं आणि कागद जॉलीकडे सरकवला. तिने तो वाचला, शेजारणीला दाखवला. मग मला म्हणाली, "ये तो ठीक है सर. पुरानी फाइल में भी लिखिए."

पुरानी फाइल म्हणजे त्या चौकशीची, माझ्या अक्षरातली. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी अधीक्षकांच्या कार्यालयात अर्ज दिला, की त्या इतिवृत्ताला माझं निवेदन जोडावं आणि त्याची प्रत प्रशांतला मिळावी. कारकून म्हणाला, फाइल जुनी आहे, शोधावी लागेल, दोन दिवसांनी येऊन विचारा. आज आठवा दिवस आहे. मी विचारायला गेलेलो नाही. कालही त्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. हे इथे छापून आलं, प्रशांतने वाचलं, जॉलीने कोणाकडून तरी समजून घेतलं, की मग मला जावंच लागेल. मी हे लिहायला बसलो ते तेवढ्यासाठी.